रिटायरमेंटचा पैसा लावताना, मागे एकटी राहणारीचा हिशोब आधी करा

माझे काका बडोद्यातल्या एका मोठ्या कारखान्यातून रिटायर झाले, दांडिया बाजारात राहायचे, हिशोबाला एकदम पक्के. कुठली एफडी कधी पिकतेय, कुठल्या पॉलिसीचा हप्ता कधी, सगळं तोंडपाठ. लिहिलेलं मात्र काहीच नव्हतं आणि ते अचानक गेले तेव्हा काकूंना फक्त एवढं माहीत होतं की कपाटातल्या निळ्या पिशवीत पासबुकं आहेत. तेराव्यानंतर मी काकूंना घेऊन पोस्टात गेले, तिथल्या बाईंनी पासबुक उघडून बघितलं आणि म्हणाल्या, बेन, आमां नॉमिनी नथी, म्हणजे माणूस गेल्यावर पैसे कोणाच्या हातात द्यायचे त्याचं नावच यात नाही. त्या एका वाक्यापासून पुढचे ७ महिने आम्ही दोघी बडोदाभर फिरत होतो, उन्हातान्हात, फायली घेऊन. पैसे बुडाले नाहीत, सगळे मिळाले, पण ज्या महिन्यांत बाईनं घरात बसून रडायचं असतं त्या महिन्यांत काकू झेरॉक्सच्या दुकानात उभ्या होत्या.

तेव्हापासून नात्यातलं कोणी रिटायर होत असेल आणि पैसे कुठे लावू विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न विचारते, तुमच्यानंतर जो मागे राहील त्याला महिन्याला किती मिळतील आणि ते काढता येतील का? आपल्याकडे बहुतेक वेळा मागे बायको राहते म्हणून मी तसंच लिहितेय, तुमच्या घरी उलटं असेल तर उलटं वाचा. खालची सगळी पावलं मी याच क्रमानं करते, आणि व्याजदर, टॅक्सचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातले आहेत, छोट्या बचतीचे दर सरकार दर ३ महिन्यांनी ठरवतं त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी एकदा विचारून घ्या.

पहिलं काम: एक जाड वही

मोबाईलमधली एक्सेल शीट नको, वहीच. एका रविवारी दोघांनी बसायचं, सगळी पासबुकं, पॉलिस्या, एफडीच्या पावत्या, घराचे कागद, पीएफचे आणि पेन्शनचे कागद बाहेर काढायचे आणि एका पानावर एकच गोष्ट लिहायची. कुठल्या शाखेत, खातं कोणाच्या नावावर, जॉइंट कोण, नॉमिनी कोण, किती रक्कम, कधी पिकणार, व्याज कुठल्या खात्यात जमा होतं. लिहायचं बायकोनं, तिच्या अक्षरात. नवरा लिहितो तेव्हा त्याला कळेल असं लिहितो, "बॉबमधली जुनी" वगैरे, आणि पुढे ते कोणालाच उमगत नाही.

हे करताना एक गोष्ट हमखास बाहेर येते, नावांचा घोळ, आणि बडोद्यातल्या मराठी घरांत तो जरा जास्तच आहे. एका कागदावर गुजराती पद्धतीनं आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, रेशनकार्डावर नावाला बेन जोडलेलं, पॅनवर बेन नाही, आणि लग्नात नाव बदललेलं असेल तर शाळेच्या दाखल्यावर तिसरंच नाव. काकूंची ४ कागदांवर ४ नावं निघाली आणि ७ महिन्यांतले किमान २ त्यातच गेले. दोघं हयात असताना हे सरळ करणं फार सोपं असतं. आधी आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं करा, मग त्याप्रमाणे बँक, पोस्ट, विमा, पीएफ सगळीकडे केवायसी करून घ्या, आणि जुनी नावं आणि नवं नाव एकाच व्यक्तीची आहेत असं सोगंदनामं म्हणजे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून फायलीत ठेवा.

पेन्शनचं पानही नीट लिहा. प्रायव्हेट कारखान्यातून रिटायर होणाऱ्याला ईपीएस ९५ चं, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेचं पेन्शन मिळतं आणि ते किती कमी असतं हे बऱ्याच जणांना शेवटच्या महिन्यात कळतं. हिशोब असा आहे की पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, आणि पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती. म्हणजे पूर्ण १५,००० धरून ३५ वर्षं नोकरी मोजली तरी ७,५०० होतात, आणि बहुतेकांना याच्यापेक्षा खूप कमी बसतात. नवरा गेल्यावर बायकोला त्याच्या निम्मं मिळतं, किमान १,०००. तिचं नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या ऑर्डरमध्ये म्हणजे पीपीओमध्ये बरोबर आहे का ते आजच बघा. केंद्र सरकारच्या नोकरीतलं कुटुंब-पेन्शन वेगळं, ते साधारणपणे शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के असतं, सुरुवातीची काही वर्षं ५० टक्के.

खर्च दोनदा काढायचा

मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या आणि महिन्याचा खरा खर्च काढा. महिन्याला न येणारे खर्च लोक विसरतात, घरपट्टी, गाडीचा विमा, गणपती-दिवाळी, भाचीचं लग्न, पुण्याला जाणं-येणं, मेडिक्लेमचा हप्ता. ते सगळे मिळवून १२ नं भागायचे आणि महिन्याच्या खर्चात घालायचे. मग दुसरा आकडा काढायचा, एकटीचा. लोकांना वाटतं निम्मा होईल, तसं होत नाही. लाईट, मेंटेनन्स, कामवाली, घराची डागडुजी तेवढीच राहते, उलट रिक्षा आणि सोबतीचा खर्च वाढतो. मी तरी दोघांच्या खर्चाचे ७० टक्के धरते.

पैसा हातात आला की ३ महिने शांत बसा

पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे खात्यात पडले की फोन सुरू होतात. बँकेतले ओळखीचे साहेब केबिनमध्ये बोलावतात, चहा येतो, आणि एफडीपेक्षा जास्त मिळेल सांगून सही घेतात, घरी येऊन बघावं तर १० वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी निघते. आमच्या एका नातेवाईकांचं हेच झालं. तुमच्या बाबतीत झालं असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात, थोडेफार चार्जेस कापून पैसे परत येतात. कारण लेखी द्या आणि पोच घ्या.

म्हणून पैसे आले की आधी ३-४ वेगवेगळ्या सरकारी किंवा मोठ्या बँकांत ९० दिवसांच्या एफडी करून टाका आणि विचारणाऱ्याला सांगा की पैसे अडकलेत. ६० च्या आधी, म्हणजे ५५ ते ६० मध्ये रिटायर झाला असाल तर मात्र एक तारीख लक्षात ठेवा, पुढे सांगितलेल्या सिनियर सिटीझन स्कीममध्ये भरायला रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून ३ महिनेच मिळतात, ६० पूर्ण झालेल्यांना ही घाई नाही. आणि गृहकर्ज किंवा दुसरं कुठलं कर्ज बाकी असेल तर सगळ्यात आधी ते फेडा, ९ टक्क्यांनी कर्ज चालू ठेवून ७ टक्क्यांची एफडी करण्यात काही अर्थ नाहीये.

ठरलेली आवक उभी करा

आता मुख्य काम. महिन्याचा डाळ-भात, औषधं, बिलं हे सगळं ज्या पैशातून चालणार तो पैसा बाजाराच्या वरखालीवर अवलंबून नसावा, यात मी कोणाचं ऐकत नाही.

सगळ्यात आधी सिनियर सिटीझन सेव्हिंग स्कीम. ८.२ टक्के, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षांनी वाढवता येते. पोस्टातही होते आणि बऱ्याच बँकांतही. व्याज दर तिमाहीला, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. नवरा-बायकोला प्रत्येकी ३० लाख भरता येतात, पण प्रत्येकाचं वय अटीत बसलं पाहिजे. जॉइंट फक्त नवरा-बायकोतच होतं आणि पूर्ण रक्कम पहिल्या नावाची धरतात. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, १ ते २ वर्षांत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर १ टक्का कापतात.

दुसरी पोस्टाची मंथली इन्कम स्कीम, ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, जॉइंट १५ लाख. १५ लाखांवर महिन्याला ९,२५०. याला वयाची अट नाही, त्यामुळे बायको ६० ची व्हायची असेल तर तोपर्यंत हीच बरी.

याहून जास्त रक्कम असेल तर रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड आहेत, ७ वर्षांचे, एनएससीच्या म्हणजे पोस्टाच्या बचत सर्टिफिकेटच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त, २०२५-२६ मध्ये ८.०५, व्याज ६ महिन्यांनी. पण यात पैसे बरेच अडकतात, ६० च्या पुढच्यांना लवकर काढायची सोय आहे तीही काही वर्षं झाल्यावरच, म्हणून सगळं यात टाकू नका.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा बडोद्याच्या मांजलपूरमधलं एक जोडपं, नवरा ६०, बायको ५७, स्वतःचा फ्लॅट, कर्ज नाही, हातात ६२ लाख, ईपीएस पेन्शन ३,२००, महिन्याचा खर्च वर सांगितल्याप्रमाणे सगळं धरून ३०,०००. नवऱ्याच्या सिनियर सिटीझनमध्ये ३० लाख, जॉइंट मंथली इन्कममध्ये १५ लाख, अडीअडचणीसाठी ५ लाखांची एफडी, आणि १२ लाख वाढीसाठी बाजूला. आवक २०,५०० अधिक ९,२५० अधिक ३,२००, आणि एफडीवर साडेसहा टक्के धरले तर साधारण २,७००. झाले ३५,६५०. छान वाटतं ना, खर्चापेक्षा साडेपाच हजार जास्त.

आता महागाई ६ टक्के धरा. चौथ्या वर्षी तोच खर्च ३५,७०० होतो, म्हणजे बरोबरी. आठव्या वर्षी ४५,१००. तेराव्या वर्षी ६०,००० च्या वर, आणि आवक तीच ३५ हजारांच्या घरात, तीही दर तेवढेच राहिले तर. पाचव्या वर्षापासून दर महिन्याला खड्डा पडत जातो आणि तो त्या १२ लाखांतूनच भरावा लागतो. समजा नवरा ७२ व्या वर्षी गेला. बायको तेव्हा ६९ ची, एकटीचा खर्च ७० टक्क्यांनी साधारण ४२,००० आणि आवक ३४,०००, कारण पेन्शन निम्मं झालं. वर्षाला लाखभर रुपये कमी, आणि पुढे तिला अजून १५-२० वर्षं काढायचीत.

इथे आपल्याकडची एक जुनी समजूत आडवी येते, की व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. माझे काका हेच म्हणायचे. मला मनापासून वाटतं की ही समजूत सोडून द्यायला हवी. मुद्दल आयुष्यभर पुरवून वापरायचं असतं, ते तुमच्या कष्टाचं आहे, ते मुलांसाठी तसंच ठेवून बाईनं सत्तरीत एसी न लावता, रिक्षा न करता दिवस काढावेत हे मला पटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आवक जास्त आहे तेव्हा शिल्लक परत बाजूला टाकायची, वाढीचे १२ लाख होईल तितके उशिरा वापरायचे, आणि ते संपत आले की स्कीम पिकेल तेव्हा मुद्दलातून दरवर्षी थोडं थोडं काढायचं. हा हिशोब वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा म्हणजे नंतर एकटीला अपराधी वाटणार नाही.

एफडी करताना

बँक बुडाली तर ठेवीच्या विम्यात एका माणसाला एका बँकेत ५ लाखांपर्यंत मिळतात, मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्याच बँकेच्या रावपुरा, अलकापुरी, कारेलीबाग अशा ३ शाखांत ठेवले तरी ५ लाखच. ही मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पण क्रेडिट सोसायट्या, पतपेढ्या, कंपनी डिपॉझिट यांना नाही. शेजारचे काका डायरेक्टर आहेत म्हणून सोसायटीत १० टक्क्यांनी पैसे ठेवलेली घरं मी बघितलीयत, तुम्ही ठेवू नका. पोस्टातल्या पैशाच्या मागे थेट सरकार आहे, तिथे ५ लाखांचा प्रश्न येत नाही.

५ लाखांची एकच एफडी करू नका, १-१ लाखाच्या ५ करा, पिकायच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा, हॉस्पिटलला ८०,००० लागले तर एकच मोडेल. आणि फॉर्मवर आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, असं लिहिलंय का बघा. नुसतं जॉइंट असेल तर दोघांच्या सह्या लागतात. त्यातही एक बारकावा आहे, एक जण गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी एफडी मोडता यावी यासाठी दोघांनी सुरुवातीलाच तशी लेखी सूचना देऊन ठेवावी लागते, ती नसेल तर बँक वारसांच्या संमतीचे कागद मागू शकते. आमच्याकडे हेच झालं, मुलगा कॅनडात, त्याची सही यायला दीड महिना गेला.

वाढणारा भाग

वरच्या उदाहरणातले १२ लाख म्हणजे महागाईशी लढणारा पैसा, तो पुढची ५ वर्षं तरी लागणार नाही असाच असायला हवा. २००८ साली सेन्सेक्स एका वर्षात निम्म्याहून जास्त पडला होता, २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यात ३८ टक्के पडला, दोन्ही वेळा नंतर वर आला, पण ज्यांना नेमके तेव्हाच पैसे लागत होते त्यांनी तोट्यात विकले. म्हणून ठरलेली आवक आधी आणि हे नंतर, उलटं करू नका.

आयुष्यात कधीच शेअरबाजारात पैसे टाकले नसतील तर साठीत शेअर शिकायला बसू नका. म्युच्युअल फंडांतला एखादा निफ्टी इंडेक्स फंड (बाजारातल्या मोठ्या ५० कंपन्यांत पैसे लावणारा) आणि एखादा हायब्रीड फंड (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे असलेला), एवढं पुरे. १२ लाख एकदम टाकायचे नाहीत, लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पटकन पैसे काढता येणारा) ठेवून तिथून महिन्याला थोडे थोडे वर्ष-दीड वर्षात न्यायचे. डायरेक्ट प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन नसतं त्यामुळे खर्च कमी, पण फॉर्म, केवायसी, पैसे काढणं सगळं आपल्यालाच करावं लागतं, आणि मागे राहणारीला ते जमणार नसेल तर थोडं कमिशन देऊन भरवशाचा, घरी येणारा माणूस ठेवला तरी चालेल असं माझं मत आहे, इथे नेटवर सगळे मला विरोध करतील. फक्त सल्ला विकणारा असेल तर तो सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला आहे का ते सेबीच्या साईटवर बघा. पैसे लागायला लागले की एसडब्ल्यूपी लावायची, महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येते. वर्षभरानंतर विकलेल्या इक्विटी म्हणजे शेअरच्या फंडाच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

सोन्याबद्दल एकच, जे दागिने तुम्ही कधीच विकणार नाही ते या हिशोबात धरू नका.

टॅक्स

टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजिम) २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो, त्यामुळे बहुतेक पेन्शनरांना टॅक्स लागतच नाही. पण दोन गोष्टी. एक, उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरायचं. आणि ही १२ लाखांची सवलत इक्विटीच्या नफ्याला लागू होत नाही. दुसरं, सिनियर सिटीझनचं एका ठिकाणचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात, म्हणजे व्याज देतानाच टॅक्स वळता करतात, ३० लाखांवरचं व्याजच २,४६,००० होतं. टॅक्स शून्य बसणार असेल तर एप्रिलमध्येच टीडीएस कापू नका असा फॉर्म द्यायचा, ज्याला आपण पंधरा एच म्हणून ओळखतो, प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा, आणि पोच घ्यायची. कापलाच तर रिटर्न भरून परत मिळतो. अजून एक, नवऱ्यानं बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर ठेवले तरी त्याचं व्याज टॅक्ससाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तरीही तिच्या नावावर ठेवाच, कारण टॅक्सपेक्षा तिचं स्वतःचं खातं असणं जास्त महत्त्वाचं आहे.

हॉस्पिटल

कंपनीचा मेडिक्लेम रिटायरमेंटच्या दिवशी संपतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. संपायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे विचारा, ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं वेटिंग पीरियडमध्ये, म्हणजे काही आजारांचे क्लेम मिळत नाहीत त्या सुरुवातीच्या काळात, मोजली जातात. २०२४ पासून नवीन पॉलिसीला ६५ वर्षांची आडकाठी राहिलेली नाही आणि आधीपासूनच्या आजारासाठी वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षंच लावता येतं. बीपी, शुगर जे आहे ते फॉर्ममध्ये लिहा, एजंट म्हणेल लिहू नका, ऐकू नका, क्लेमच्या वेळी तो तिथे नसतो. रूम रेंटची मर्यादा असलेली पॉलिसी टाळा, कारण महागडी खोली घेतली की नुसतं खोलीचं भाडंच नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप (तेवढ्याच्या वरचं बिल भरणारी दुसरी पॉलिसी) असं केलं की हप्ता बराच कमी पडतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटीही नाही.

७० पूर्ण झाली की आयुष्मानचं कार्ड उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधार लागतं. ते काढून ठेवाच, आणि घराजवळची कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत त्यांची नावं वहीत लिहा.

नॉमिनी, मृत्युपत्र, घर

प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा, पोस्ट, बँक, फंड, विमा, पीएफ, लॉकर. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला ४ पर्यंत नॉमिनी देता येतात. सिनियर सिटीझन खातं जॉइंट असेल किंवा बायको एकटीच नॉमिनी असेल आणि ती स्कीमच्या अटीत बसत असेल तर तेच खातं ती पुढे चालू ठेवू शकते.

पण नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक त्याच्या हातात पैसे देते, हक्क वारसांचा असतो. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे घराचीही बायको एकटी मालक होत नाही. बहुतेक काकांना हे सांगितलं की ते गप्प होतात. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात चालतं, दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा, भांडण कमी होतं.

आणि घर जिवंतपणी मुलाच्या नावावर करू नका. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, तरीही नको, मृत्युपत्रानं त्यालाच मिळू दे. अगदीच बक्षीसपत्र करायचं असेल तर आयुष्यभर सांभाळ करायची अट त्यात लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मुलाच्या फ्लॅटसाठी वाढीचे १२ लाख द्यायचे का हाही प्रश्न येतोच. देण्याआधी वरचा तेराव्या वर्षाचा हिशोब मुलासमोर ठेवा, समजूतदार मुलं स्वतःच नको म्हणतात.

फोनवर पोलीस, सीबीआय सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, असली अटक कायद्यात नाही. फोन ठेवायचा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावायचा. हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

शेवटचं काम: एक महिना सगळं तिनं करायचं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ओळखीच्या एका घरात खालच्या कपाटातल्या पॉलिस्या, घराचा दस्त सगळं लगदा झालं. कागद माळ्यावर, प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये आणि एका मुलाकडे.

मग एक महिना निवडा, त्या महिन्यात नवऱ्यानं पैशाला हात लावायचा नाही. पासबुक भरून आणणं, एटीएममधून पैसे काढणं, लाईटबिल, औषधांची बिलं, पंधरा एच देणं, जीवन प्रमाण म्हणजे पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून करणं (ईपीएसवाल्यांना ते वर्षात कधीही करता येतं, एक वर्ष चालतं), सगळं तिनं. अडलं तर विचारेल, नवऱ्यानं सांगायचं पण उठून करायचं नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, शंभराहून जास्त वर्षं या गावाला बँकेची सवय आहे, आमच्या घरात मात्र ती पुरुषांपुरतीच राहिली होती.

काकू आता ७१ च्या आहेत. १ तारखेला तिमाहीचं व्याज जमा झालं की दोन दिवसांनी रावपुऱ्याला जाऊन पासबुक भरून आणतात, येताना खंडेराव मार्केटातून भाजी घेतात, आणि घरी आल्यावर वहीत त्या पानावर तारीख घालून रक्कम लिहितात. मागच्या वेळी मला फोन करून म्हणाल्या, अगं, पुढच्या वर्षी खातं पिकतंय, ३ वर्षं वाढवायचं की ४ लाख बाहेर काढून दातांचं आणि मोतीबिंदूचं करून घेऊ? मी म्हटलं, काढा आणि करून घ्या.